दोरा सोडणारा हात

क्रोशाकामाची ओळख सहसा उजव्या हातातल्या आकडीदार सुईपासून करून दिली जाते. परंतु विणीचा सारखेपणा डाव्या हातातून दोरा कसा सुटतो यावर ठरतो, आणि नवशिक्यांची पहिली अडचणही नेमकी तिथेच असते. कराड परिसरात दारावरची तोरणे, ताटावरचे रुमाल आणि रुखवतात मांडायच्या वस्तू यांच्या निमित्ताने हे काम अनेक घरांत शिकले गेले; मात्र शिकवताना नमुन्याकडे जितके लक्ष दिले जाते तितके दोरा धरण्याकडे दिले जात नाही.

दोन सुयांवरच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके सुईवर चढवलेले असल्याने त्यांच्या मापाला सुईचाच आधार मिळतो. क्रोशात मात्र बहुतेक वेळ सुईवर एकच जिवंत फास असतो आणि प्रत्येक टाका वाहत्या दोऱ्यातून नव्याने ओढून पुरा करावा लागतो. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन तो आधीच्या फासातून बाहेर काढला की साखळीचा एक दुवा होतो; तर आधी वेढा घेऊन, खालच्या घरात सुई घालून दोरा वर काढला आणि सुईवरचे फास दोन-दोन करून दोनदा सोडवले की ‘खांब’ तयार होतो. या प्रत्येक हालचालीत दोरा किती सुटावा हे डावा हात ठरवतो.

प्रचलित पद्धतीत गुंड्याकडून येणारा दोरा करंगळीभोवती एक वेढा देऊन अनामिका व मधल्या बोटाखालून नेतात आणि उभ्या धरलेल्या तर्जनीवरून पुढे घेतात. अंगठा व मधले बोट विणलेला भाग सुईजवळ चिमटीत धरतात. करंगळी दोऱ्याला अटकाव करते आणि तर्जनी सुईला दोरा पुरवते, म्हणून बारीक व गुळगुळीत सुती दोऱ्याला करंगळीवर कधी दोन वेढेही लागतात, तर जाड लोकरीला एखादे वेळी एकही लागत नाही. डावखुऱ्यांनी हीच मांडणी उलट हातांनी करावी. काहीजणी करंगळी वगळून दोरा तर्जनीवरच गुंडाळतात. फास सारखे येत असतील आणि बोटे अवघडत नसतील, तर त्या पद्धतीला चूक म्हणण्याचे कारण नाही.

दोरा निसटेल या धास्तीने नवशिकी बोटे तो आवळून धरतात. परिणामी पायाची साखळी इतकी घट्ट होते की पुढच्या ओळीत सुई घरात शिरत नाही आणि तोरणाची सरळ पट्टी कमानीसारखी वाकते. गोल रुमालात काही फेऱ्या आवळलेल्या व काही सैल आल्या, तर कड वाटीसारखी वर उचलली जाते किंवा तिला झालर पडते. पायाची साखळी एक माप मोठ्या सुईने घालणे आणि फास सुईच्या निमुळत्या मानेवर नव्हे, तर तिच्या दांड्यावर बेतणे, हे यावरचे जुने व खात्रीचे उपाय आहेत. उन्हाळ्यात घामट बोटांना दोरा चिकटून अडतो, त्यामुळे अधूनमधून हात धुऊन कोरडे करणे हाही तंत्राचाच भाग ठरतो.

किती साखळ्या घालाव्यात आणि कुठे खांब घ्यावेत हे लिहून देता येते, म्हणूनच स्त्रियांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने घरोघर पोचू शकले. पण बोटांतला ताण असा लिहून देता येत नाही, तो शेजारी बसून पाहावा लागतो. 1937च्या वर्धा परिषदेनंतर आकाराला आलेल्या, हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या नई तालीम शिक्षणाने हेच ओळखले होते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या नावांत आजही टिकून असलेले ‘जीवन शिक्षण’ हे शब्द त्याच विचाराची खूण आहेत. त्या शिक्षणात मुले टकळीवर सूत कातत, तेव्हा एक हात टकळीला गती देई आणि दुसऱ्या हाताची चिमटी पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, तंतू बेताबेताने सोडत असे. चिमटी आवळली तर सूत तुटे आणि ढिली पडली तर त्यात गाठी येत. क्रोशात साधन बदलले तरी कसब तेच आहे.

म्हणून शिवण-विणकामाचे वर्ग चालवणाऱ्यांनी सुरुवातीचे तास रुमालाच्या घाईत न घालवता, फिकट रंगाची मध्यम जाडीची लोकर देऊन केवळ साखळी घालण्याचा व उसवण्याचा सराव करून घ्यावा. साखळीतला प्रत्येक दुवा शेजारच्या दुव्याएवढा येऊ लागला, की मगच विद्यार्थिनीला पहिला खांब शिकवावा.