शब्दांचा जमाखर्च : दर्प

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात जाणता व्यापारी माल चाखण्यापूर्वी हुंगतो. शेंगदाणा खवट, डाळ कुबट, फुटाणे खमंग, हा निवाडा नाकच करते. मराठीने वासावासाला स्वतंत्र शब्द दिला आहे. नाकाला झोंबणाऱ्या, नकोशा उग्र वासासाठी मात्र तिने योजलेला शब्द मुळात वासाचा नाहीच. तो शब्द ‘दर्प’.

संस्कृतातील ‘दृप्’ धातूचा अर्थ उन्मत्त होणे, गर्वाने फुगणे. त्यावरून दर्प म्हणजे अहंकार. ‘दर्पोक्ती’ या शब्दात हा अर्थ मराठीनेही जपला आहे. ‘दर्पण’ हेही त्याच धातूचे अपत्य. त्यात पाहून माणूस स्वतःवरच खूष होतो.

मग गर्वाचा वास कसा झाला? ‘मद’ या शब्दावरून काही उलगडा होतो. मद म्हणजे गर्व, उन्माद. आणि माजावर आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा उग्र गंधाचा स्रावही मदच. कस्तुरीचे तर नावच ‘मृगमद’. उन्माद आणि उग्र गंध यांची सोयरीक अशी जुनी आहे. दर्पाच्या बाबतीतही तेच घडले असावे. शिवाय उग्र वासाचा स्वभाव गर्विष्ठाचाच असतो. तो न बोलावता येतो आणि दुसऱ्या कोणाला जागा ठेवत नाही.

जैन परिभाषेत मान, म्हणजे गर्व, हा चार कषायांपैकी एक. ‘कषाय’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ तुरट चव. म्हणजे हा दोष जिभेलाही कळतो आणि नाकालाही.

कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघराचा आधार म्हणजे इराण-अफगाणिस्तानकडून येणारा हिंग. शुद्ध खड्याचा दर्प सोसवत नाही. म्हणून बाजारात डिंक आणि पीठ मिसळलेला हिंग चालतो. तोच हिंग चिमूटभर, तापल्या तुपात पडला की वरण खमंग होते. स्वाभिमानाचेही प्रमाण असेच चिमटीचे.

हिंगाच्या दुकानात बसणाऱ्याला मात्र काही वेळाने हिंगाचा वास येईनासा होतो, नाक सरावते. पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पहिल्या श्वासात येतो. पेढीवरील दर्पाचेही तसेच. मालकाला त्याची जाणीव नसते, आणि गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या दुकानाकडे वळते. ही तूट कोणत्याही खातेवहीत दिसत नाही.