दंड आणि आंटी

गावी फोन केला की आपण एक गोष्ट हमखास सांगतो : "इथे फ्लश केलं नाही तर दंड होतो!" १९८९ पासून तसा कायदा आहे, हे खरंच. पलीकडचा माणूस "बापरे" म्हणतो आणि आपली कॉलर ताठ होते. इथल्या स्वच्छतेचं सगळं रहस्य त्या दंडातच आहे, असं मलाही परवापर्यंत वाटत होतं.

गेल्या महिन्यात आई कणकवलीहून आली. आम्ही चांगी विमानतळ बघायला निघालो, तर तिने चहा अर्धाच ठेवला. "प्रवास आहे ना!" आयुष्यभर ती असंच करत आली आहे. एस.टी.ने मुंबईला जायचं म्हटलं की आदल्या दुपारपासून पाणी बंद. वाटेतल्या थांब्यावर संडासाला कडी असेलच असं नाही, दिवा असेलच असं नाही. पुरुषांना आडोसा चालतो, बायकांनी काय करायचं? हे मला चाळिशीनंतर कळलं, कारण त्याआधी मी कधी विचारलंच नव्हतं.

एवढं करूनही वाटेत स्टेशनवर तिला जावं लागलं. ती घाबरूनच बाहेर आली. "मी कशाला हात लावला नाही हो, आपोआप पाणी सुटलं!" मग मी इंजिनिअरपणा केला. भिंतीतून न दिसणारा किरण निघतो, तो अंगावर आपटून परत येतो. परत यायचा थांबला की माणूस उठला असं समजून यंत्र पाणी सोडतं. तू पुढे वाकलीस, त्याला वाटलं गेलीस.

ते तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला वेगळंच सांगायचं होतं. नळीच्या पाण्याने सगळी लादी ओली झाली होती, आणि तिच्याच वयाची एक आंटी मॉप घेऊन ती पुसायला आली. आईने मॉप मागितला, आंटीने दिला नाही. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. "या वयात?" आईने मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

गाडीत ती अप्पासाहेब पटवर्धनांबद्दल बोलत राहिली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पा. शिकलेला माणूस, पण १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घ्यायचा आग्रह धरला, उपास केला. सिंगापुरात तरी काय वेगळं होतं? १९८७ पर्यंत इथेही बादल्यांचे संडास होते, आणि त्या बादल्या माणसंच उचलत.

दंडाच्या धाकाने माणूस फ्लश करील, लादी पुसणार नाही. आपल्याला पाणी लागतं, नुसत्या कागदाने भागत नाही, त्यात लाज वाटायचं कारण नाही. पण मुलांनो, बाहेर पडण्याआधी दोन कागद घेऊन सीट आणि खालचं पाणी टिपा. आंटी-अंकल दिसले तर थँक यू म्हणा. पालकांनो, तुम्हीसुद्धा. (मी कालपासून सुरू केलं आहे, म्हणून आवाज जरा चढा.)

परतीच्या वाटेवर चांगीला आईने कॉफी मागितली. मोठा कप.