शाल-श्रीफळ पुरे, आता प्रश्न विचारा!

भंडारा जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

युद्ध सीमेवर होते आणि इतिहासाच्या तासाला संपते, ही समजूत भंडाऱ्याला तरी शोभत नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर दोनच वर्षांत जवाहरनगरची आयुध निर्माणी उभी राहिली. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली, तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते. तोफेला पोलाद लागते आणि पोलादाला मँगनीज. ते तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींत निघते. मग हा धडा एकट्या इतिहासाच्या शिक्षकाने का शिकवावा? निर्माणीच्या फाटकावर बिडी-काडी का चालत नाही, हे निवृत्त कामगाराने सांगावे आणि त्यामागचे रसायन विज्ञानाच्या बाईंनी. जवानाच्या मनीऑर्डरीवर घर कसे चाले, हा गणिताचा हिशेब. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला; तेव्हा आपल्या धानाचे काय झाले, हे भूगोलाच्या तासाला आजी-आजोबांना विचारावे. त्यांनी ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल. इंग्रजांनी थांबवलेली महारांची लष्करभरती आणि १९४१ ची महार रेजिमेंट यांवाचून समतेचा नागरिकशास्त्रातला धडा अपुराच. त्या रेजिमेंटसाठी आग्रह धरणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९५४ ची पोटनिवडणूक भंडाऱ्यातूनच लढवली होती.

म्हाताऱ्यांची आठवण दगा देते, असे कोणी म्हणेल. देतेच. म्हणून एकाच प्रसंगाबद्दल दोघांना विचारा, डिस्चार्ज बुकातल्या तारखांशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो का, हे मुलांनीच शोधावे. पाठ्यपुस्तक एवढी मेहनत करवत नाही. दुसरा आक्षेप युद्धज्वराचा. तो ज्वर चढतो सव्वीस जानेवारीच्या सत्कारात, जिथे माजी सैनिकाला शाल मिळते आणि बोलायला दोन मिनिटे. भीती, रजा, मेलेला सोबती यांविषयी त्याला कधी कोणी विचारले? आणि २४ जानेवारी २०२५ ला याच निर्माणीत स्फोट होऊन ८ कामगार गेले, तेव्हा तर कुठे लढाईही नव्हती. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: अशैक्षणिक कामांनी शिक्षक आधीच पिचले आहेत. म्हणून नवा विषय नको, नवा तास नको, ऑनलाइन भरायचा नवा तक्ता तर नकोच. आहे त्याच धड्याला एक माणूस जोडा.

१९७१ ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकला आहे. तेव्हा समितीच्या येत्या बैठकीतच ठराव घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र द्या, आणि गावातल्या पहिल्या माणसाला दिवाळीच्या सुटीआधी वर्गात बोलवा.