तलवार की ऐरण?

आमच्या घरी सध्या एक लोहार मुक्कामाला आहे. माळ्यावर नव्हे, चिरंजीवांच्या संगणकात. गडी धिप्पाड आहे, दाढी छातीवर रुळते, कमरेला तलवार आहे. पण वाटेत साधा लांडगा आडवा आला की त्याची जी त्रेधा उडते ती पाहवत नाही. परवा मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. लांडग्याने दोनदा झेप घेतली आणि आमचा वीर धारातीर्थी पडला.

“इतका मोठा झाला आणि लांडगा मारता येत नाही?” मी विचारले.

“आई, त्याचे सगळे पॉइंट ऐरणीत आहेत,” चिरंजीव म्हणाले.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे अज्ञान परिचयाचे आहे. दर आठवड्याला मी ते एका पानात मांडते. दिवाळीनिमित्त संपादकांनी जास्त जागा दिली आहे, तेव्हा आज ते अंमळ सविस्तर मांडते. खेळाचे नाव ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’. २०१४ मध्ये तो सुरू झाला, आणि देशोदेशीचे लोक त्यात एकाच वेळी वावरत असतात. खेळणारा हळूहळू एकेक पायरी वर चढतो. पायरी चढली की एक पॉइंट मिळतो. रानावनात आकाशातले काही तुकडे विखुरलेले आहेत. तसे तीन वेचले की आणखी एक. हे पॉइंट आपल्या मर्जीने खर्च करायचे. तलवारबाजीत घाला, धनुर्विद्येत घाला, मंत्रविद्येत घाला. किंवा एखादा धंदा शिका. लोहारकाम, सुतारकाम, शिवणकाम, औषधी काढे, मंतरलेले ताईत, स्वयंपाक असे धंदे आहेत, आणि २०१८ पासून सोनारकामही आहे. स्वयंपाक म्हणे सर्वांत लवकर येतो! हे वाक्य चिरंजिवांनी माझ्यासमोर, मी वरणाला फोडणी देत असताना उच्चारले. असो.

खरी मेख अशी की गंगाजळी एकच. ऐरणीत घातलेला पॉइंट तलवारीतून वजा होतो. लोखंडावरून पोलादावर जायचे तर पॉइंट द्या, पोलादावरून पुढच्या धातूवर जायचे तर पुन्हा द्या. सुरुवातीला पॉइंट मोजकेच असतात. अशा वेळी शहाणी मुले आधी तलवार धारदार करतात आणि धंद्याचे पुढे पाहू म्हणतात. आमच्या चिरंजिवांनी उलटे केले. सोबतचे गडी त्याला हसत. मग एके दिवशी त्यांना एका विशिष्ट घडणीची शस्त्रे हवी झाली. ती घडवायची तर लोहाराला अमुक इतके गुण अभ्यासून ठाऊक असावे लागतात. ते कोणाला ठाऊक होते? लांडग्याच्या हातून मरणाऱ्याला! त्या संध्याकाळी चिरंजिवांच्या दारात रांग लागली होती. दहावीच्या चाचणीत गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही त्याचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता.

हे सारे मी कौतुकाने ऐकले असते. पण त्याच आठवड्यात जेवताना तो म्हणाला, “दहावीनंतर मला आयटीआयला जायचंय. टूल अँड डाय मेकर.”

आमच्या घरात शांतता पसरली म्हणजे कशी पसरते हे सांगायचे तर आधी माणसे सांगायला हवीत. आमचे हे बँकेत. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आणि माझे वडील, आबा, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. आबा टर्नर. सत्तरच्या दशकापासून पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी लेथवर उभे आयुष्य काढले. ‘उभे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

ह्यांनी ताटातली कोशिंबीर संपवली आणि “बघू” म्हणाले. मी म्हणाले, “आधी सायन्स तर घे, मग इंजिनिअरिंगलाही यंत्रंच असतात.” आबा काहीच बोलले नाहीत. हात धुऊन ते गॅलरीत जाऊन बसले.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मला वर्गात नारायण सुर्वे शिकवायचे होते. १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ निघाले, त्यावर मी गेली अठरा वर्षे बोलते आहे, आणि बरे बोलते असे विद्यार्थी म्हणतात. कामगाराच्या हातांविषयी बोलताना माझा आवाज जड होतो. सायंकाळी मात्र माझ्या स्वतःच्या मुलाने ते हात मागितले, तर मी त्याच्या पुढ्यात सायन्सचा फॉर्म सरकवला. वाचकहो, ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते आहे.

आबांनी माझ्या वाट्याचे पॉइंट कुठे घातले ते मला पक्के ठाऊक आहे. एकूण एक पुस्तकात. मी सहावी-सातवीत असताना त्यांच्या कारखान्याच्या गोष्टी ऐकून मला लेथ बघायचा होता. त्यांनी कधी नेले नाही. सायकलची साखळी निघाली तर ते मला हात लावू देत नसत. “तू वाच,” म्हणत. दुपारच्या पाळीला जोडून ओव्हरटाइम करत आणि माझ्या एम. ए. ची फी भरत. परिणाम असा, की आज मला ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा अन्वय लावता येतो आणि मिक्सरच्या प्लगमधली सुटलेली तार लावता येत नाही. तक्रार नाही. पण वाटप त्यांनी केले, मी नव्हे, एवढे खरे.

अर्थात वाटपाचा हा खेळ काही संगणकाने शोधलेला नाही. आपल्या गावगाड्यात तर तो जन्माआधीच उरकलेला असे. लोहाराच्या पोराचे सारे पॉइंट ऐरणीत, सुताराच्या पोराचे पटाशीत, आणि परत मागायची सोय नाही. खेळात ती आहे. एका देवस्थानी गेले की खर्च झालेले पॉइंट परत मिळतात आणि नव्याने वाटता येतात. बारा बलुतेदारांपैकी कोणाला असे देऊळ सापडल्याचे ऐकिवात नाही. पिंपरी-चिंचवडकडे घाटमाथ्यावरून, मराठवाड्यातून माणसांचे जे लोंढे आले, ते एका परीने हेच देऊळ शोधत आले असावेत. इथे पेनिसिलीनचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि ज्याच्या बापाने नांगर धरला तो व्हर्नियर धरू लागला.

आणि ऐरण आधी की तलवार आधी, या प्रश्नाचे एक उत्तर तर आमच्या गावातच उभे आहे. टेल्कोचा इथला कारखाना १९६६ च्या सुमारास उभा राहू लागला. इथून पहिला ट्रक कधी बाहेर पडला? १९७७ मध्ये. मधली दहा-अकरा वर्षे ही मंडळी करत काय होती? सुमंत मुळगावकरांच्या डोक्यात हिशेब पक्का होता. आधी यंत्रे घडवणारी यंत्रे, साचे, हत्यारे, आधी ती चालवणारे शिकाऊ उमेदवार, मग ट्रक. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, म्हणजे त्यांच्या हाताशी तोही होताच. दहा वर्षे लांडग्याकडून मार खाण्याची तयारी ठेवून त्यांनी पॉइंट ऐरणीत घातले, असे चिरंजिवांच्या भाषेत म्हणता येईल. मी हे त्याला सांगण्याची चूक केली. तो म्हणाला, “मग?”

दुसरी बाजू मी चाकणला पाहिली. मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, कारखान्यांतून हल्ली आम्हा मंडळींना भाषणाला बोलावतात. त्या चाकणची मला एरवीची ओळख कांद्याच्या बाजाराची आणि फिरंगोजी नरसाळ्याची. १६६० मध्ये त्याने शायिस्तेखानाला तिथे जवळजवळ दोन महिने रोखून धरले होते. आता तिथे गाड्या होतात. भाषणाआधी मला कारखाना दाखवला. भिंतीवर एक फळा होता. डावीकडे माणसांची नावे, वर कामांची नावे, आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. वर्तुळाचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, आणि चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मला फळा अतिशय आवडला. आमच्या महाविद्यालयात असा लावला तर कोणाचे वर्तुळ किती भरेल, या विचारात मी रमले होते, तेवढ्यात लक्षात आले की अर्धी वर्तुळे आडवी खूप आहेत, भरलेली फार थोडी.

सोबतच्या सुपरवायझरांनी सांगितले, एक माणूस रजेवर गेला तर लाइन थांबता कामा नये, म्हणून प्रत्येकाला तीन-चार ठिकाणची कामे यावी लागतात. रास्त आहे. पण एक ना धड भाराभर चिंध्या, असे होत नाही का? मी विचारले. ते हसले. म्हणाले, “मॅडम, कायम असलेल्यांची वर्तुळं भरतात. कंत्राटी पोरांचं वर्तुळ अर्धं होतं, तोवर मुदत संपते. मग दुसऱ्या गेटवर पुन्हा पहिल्या पावापासून.”

ते ‘पहिल्या पावापासून’ माझ्या डोक्यातून गेले नाही. मुलगा आयटीआयचे बोलला तेव्हा मला जी धास्ती वाटली ती हातांच्या काळेपणाची नव्हती, असे मी स्वतःला सांगते. ती या अर्ध्या वर्तुळाची होती. थोडी काळेपणाचीही होती.

आता आबांचे सांगते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी चिरंजीव खेळत होते आणि आबा नकळत मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरचा लोहार ठाण ठाण घाव घालत होता.

“लाल झाल्याशिवाय ठोकतोय का हा?” आबांनी विचारले.

“आबा, ते तसंच असतं.”

“कसं असेल तसंच? आणि शिकतो कसा हा?”

चिरंजिवांनी सांगितले. दुसऱ्याने घडवलेली वस्तू मोडली की आपण घडवण्यापेक्षा जास्त शिकायला मिळते. आबांनी मान डोलावली. “आम्हीही गिअरबॉक्स खोलूनच शिकलो. पुढं?” पुढे असे, की तलवारीचा एखादा गुण अभ्यासायचा तर ती तलवार कायमची द्यावी लागते, आणि वेळ द्यावा लागतो. पहिल्या गुणाला सहा तास. दुसऱ्याला बारा. मग एक दिवस, दोन, चार, आठ. दर वेळी दुप्पट. नववा गुण यायला मुळात चौसष्ट दिवस.

आबा खुर्ची ओढून बसले. कितीतरी वेळाने म्हणाले, “हा खेळ ज्यानं केला त्याला काम माहीत आहे. जॉबचं तोंड साफ करायला मी एका दिवसात शिकलो. आटे पाडायला तीन महिने गेले. आणि टूल कापतंय की घासतंय ते नुसत्या आवाजावरून कळायला किती वर्षं गेली, मोजली नाहीत.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मला वाटायचं हे शिकलेलं घरात आणायचं नाही.”

मी स्वयंपाकघराच्या दारात करंज्यांचे ताट घेऊन उभी होते. चाळीस वर्षांत हे वाक्य मी प्रथम ऐकत होते.

“का, आबा?” मुलाने विचारले.

“गुडघे,” आबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आणि बंद पडला की कारखाना विचारत नाही, तुला काय येतं म्हणून.”

ते उठून आपल्या खोलीत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मला वाटले, रागावले. परत आले ते हातात एक लाकडी डबी घेऊन. आत मखमलीच्या खाचेत मायक्रोमीटर होता; कारखान्याचा नव्हे, स्वतःच्या पगारातून घेतलेला, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा. तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. माझ्या लहानपणी ही डबी माझ्या हाताला लागू नये म्हणून कपाटाच्या वर असे.

त्यांनी माझ्या पदरावर पडलेला एक केस उचलला आणि मुलाच्या हातात दिला. “मोज.”

मुलाने केस जबड्यात धरला आणि नळी गच्च आवळली. “शून्य पूर्णांक शून्य चार.”

“चूक. केस चिरडलास. मागचं रॅचेट फिरव, दोन बोटांनी. टिक टिक वाजलं की थांब.”

मुलाने पुन्हा फिरवले. शून्य पूर्णांक शून्य सहा आले. पुन्हा मोजले, शून्य पूर्णांक शून्य सात. आबा म्हणाले, पुन्हा. पडद्यावर लांडगा येऊन लोहाराला खाऊन गेला, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. सायन्सचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे, आयटीआयचे माहितीपत्रक त्याच्या शेजारी; ह्यांनी दोन्ही वाचून तिथेच परत लावली आहेत. जूनला अवकाश आहे.

मी करंज्या ठेवल्या आणि म्हटले, “आबा, मला एकदा द्या.”

“आधी हात पूस,” आबा म्हणाले, “तुपाचे आहेत.”