वडिलांची वहाण

भूगोलाचा एक तास तरी नदीत उभे राहून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, सर रागावोत!

मे महिन्यात हेळवाकजवळ मित्रांपुढे मी अक्कल पाजळली, “उन्हाळ्यात उथळ पाणी कोमटच असणार!” आणि वडिलांच्या नव्या वहाणांसकट कोयनेत शिरलो. गुडघाभर पाण्यात जातो न जातो तोच अशी हुडहुडी भरली, की ओरडतच मागे फिरलो. एक वहाण गेली वाहत!

म्हैस धुणारे आजोबा हसले. “पोरा, धरणाच्या तळचं पाणी हाय ते. तिथवर ऊन पोचतंय व्हय?”

धरणाची १०३ मीटर उंची मला तोंडपाठ होती. पण हे कुठे सुचले?

घरी सांगितले. शाळेची पायरी न चढलेले वडील म्हणाले, “एवढं तर आमाला बी ठावं हाय.”

वहाणेबद्दल मात्र अजून बोललेले नाहीत.