गच्चीची किल्ली कुणाकडे?

खोपटमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप आहे. भाजी लावू म्हटलं, तर मातीच्या ओझ्याने स्लॅब गळेल, असं पुरुषांची कमिटी सांगते. पण प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर मळा फुलवलाच ना? शिवाय एरोपोनिक टॉवरमध्ये मातीच नसते. मुळं हवेत लोंबतात, पंप त्यांच्यावर खतपाणी शिंपडतो, पालेभाजी बारमाही येते. वीज गेली की मुळं काही तासांत सुकतात. म्हणून राखणीच्या पाळ्या हव्यात, पुरुषांच्याही!

2019-21च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांची पानं झाल्यावर आपल्या वाट्याला किती भाजी उरते? मैत्रिणींनो, आधी किल्ली मागू या.