चकाकी कोणत्या सालची?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकात तयार झालेली जावा २५० आजही क्वचित रस्त्यावर दिसते. टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, सिलिंडर एकच असूनही सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर या दोहोंचे काम करणारा एकच दांडा. अशी गाडी पुन्हा उभी करू पाहणाऱ्याला सुटे भाग मिळतात, रंगारीही मिळतो. घोडे अडते ते मुलाम्यापाशी. भरवशाचा प्लेटिंगवाला कोणता?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ज्याच्याकडचा माल आरशासारखा चमकतो तो. ही कसोटीच चुकीची आहे.

शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. डोळ्यांत भरते ती झळाळी त्याखालच्या निकेलची, आणि निकेलच्याही आधी पोलादावर फिरलेल्या बफची. म्हणजे भागाचे भवितव्य मुलाम्याच्या हौदात नव्हे, बफिंगच्या चाकावर ठरते. घाईचा हात तेथे पडला की कडा गोल होतात, कारखान्याने ठोकलेली अक्षरे व खुणा पुसट होतात. कल्हई उडाली तर पुन्हा लावता येते. घासून गेलेले पोलाद परत येत नाही. गंजाचे खड्डे तांब्याच्या थराने भरून, पुन्हा घासून, पुन्हा भरून सपाट करावे लागतात. यास दिवस लागतात, आणि ‘परवा घेऊन जा’ म्हणणारा ते करीत नसतो.

चांगला कारागीर आधी नकार देतो. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर आतून तेलकट काजळीने भरलेला असतो. ती साफ केल्याशिवाय भाग हौदात सोडला तर सगळे द्रावण नासते. टाकीची तोंडे बंद केली नाहीत तर आम्ल आत शिरते. स्प्रिंग किंवा ॲक्सलसारख्या कठीण पोलादाची गोष्ट आणखी गंभीर. आम्लात आणि मुलामा चढताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते; म्हणून असे भाग नंतर काही तास सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवावे लागतात. ‘भट्टी आहे का?’ हा एक प्रश्न दहा शिफारसींपेक्षा अधिक सांगून जातो. चमकणारा ॲक्सल भर रस्त्यात तुटला तर त्या चमकेचे काय करायचे?

मग येतो काळाचा प्रश्न. व्यापारी क्रोम प्लेटिंगचा पाया कोलंबिया विद्यापीठात १९२४च्या सुमारास घातला गेला आणि दुचाकींवर क्रोम रुळला तो साधारण १९३०च्या आसपास. त्याआधीच्या गाड्यांवर निकेल असे: किंचित पिवळसर, उबदार, काळाबरोबर मंदावणारे. १९२५च्या गाडीला निळसर क्रोम चढवणे म्हणजे शिवकालीन पत्राची टंकलिखित प्रत काढून तिलाच अस्सल म्हणणे.

याहून बोलके उदाहरण १९५२चे. कोरियन युद्धामुळे निकेलची टंचाई झाली, आणि ब्रिटिश कारखान्यांना क्रोमचे भाग कमी करून त्याऐवजी रंग द्यावा लागला. त्या वर्षीची रंगवलेली रिम हा युद्धकाळाचा दस्तऐवज आहे. आजचा हौशी मालक तिला ‘सुधारतो’, क्रोम करतो, आणि एका खंडावरच्या युद्धाने दुसऱ्या खंडावरच्या कारखान्यात उमटवलेली खूण पुसून टाकतो. प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळते!

स्वस्त मुलाम्याचा हिशेब दुसरीकडेही लागतो. पारंपरिक क्रोमच्या हौदात षट्संयुजी क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २०१७पासून विशेष परवानगीवाचून ते वापरता येत नाही. ज्या दुकानात वाफ ओढून घेणारा पंखा नाही आणि सांडपाणी थेट गटारात जाते, तेथील कमी दर हौदाशी उभा असलेला कामगार आणि खालच्या वस्तीतील लोक भरत असतात. गाडीचा वारसा जपणाऱ्याने निदान हे तरी डोळ्यांनी पाहून यावे.

भाग देण्यापूर्वी प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्यावे, अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवावा, नग मोजून लिहून द्यावेत. आधी एखादा किरकोळ कंस देऊन काम पाहावे, टाकी नंतर. आणि काही भाग तर नुसते साफ करून, तेलाचा हात फिरवून तसेच ठेवण्याजोगे असतात. स्वतःचे गिऱ्हाईक बुडवून तसे सांगणारा प्लेटिंगवाला भेटला, तर टाकी त्याच्याकडेच द्यावी.